शेठच्या टाचेखालची काळी वीट

मी काळी वीट बोलतेय. गोड बोलायची सवय नाही मला, तेव्हा जवळ बसा आणि मुकाट ऐकून घ्या.

उसाच्या चिपाडांचा कोळसा आणि तापीकाठची माती एकत्र मळून भट्टीत भाजली, तशी मी झाले. हाताला दगडासारखी, पण आतून बारीक बारीक भोकंच. घाण पाणी माझ्यातून गेलं की त्यातला रंग, वास मी धरून ठेवते आणि पाणी पुढे नितळ जातं. पोट भरलं की पुन्हा भाजा, पुन्हा नवी. वाटलं होतं, कुणाच्या तरी प्यायच्या पाण्याला उपयोगी पडेन.

नशिबी आला चुनीलाल शेठ. नंदुरबारजवळ त्याची मिरची वाळवायची पथारी आणि चक्की. फिक्या तिखटात तो कपड्यांचा लाल रंग मिसळायचा. पिंपं धुतलेलं पाणी नाल्यात, नाल्यातून खालच्या वस्तीच्या विहिरीत. त्या वस्तीतली भिकुबाई त्याच्याकडे मिरचीचे देठ खुडायची. नातीच्या अंगावर चट्टे उठले तेव्हा तिनं तोंड उघडलं. शेठ हसला. म्हणाला, बायका विहिरीवर नवी लुगडी धुतात, दुसरं काय.

तपासणीचा साहेब येणार असला की शेठ मला नाल्याच्या तोंडाशी बसवी. साहेब बाटली भरे, पाणी नितळ. साहेब गेला की मला उपसून कोपऱ्यात. त्याचं पाप मी पोटात घ्यायचं आणि अब्रू त्याची उजळायची! माझा जळफळाट होई. पण मी एक थेंबही विसरले नाही.

शेवटी मी भरले. पुन्हा भाजायचा कंटाळा, म्हणून शेठनं मला उकिरड्यावर टाकलं. भिकुबाईनं उचललं, टाचा घासायला वजरी म्हणून. घरी तिनं धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात पाय सोडले, माझ्यावर टाच घासली, आणि पाय नवरीसारखे लाल झाले. सोड्यानं माझी मूठ सुटली होती. म्हातारी आधी खुदकन हसली. मग तिला तो रंग ओळखू आला. विहिरीतलाच.

थोड्याच दिवसांत शेठनं वस्तीत पाणपोई उघडली. सत्काराला तोच साहेब. भिकुबाई परात घेऊन पुढे झाली. पाहुण्याचे पाय धुवायची आमची रीत, म्हणाली. शेठनं फुगून जोडे काढले. परातीत मी, माझ्यावर त्याच्या टाचा, वरून सोड्याचं कोमट पाणी. पोटातला रंग मी ओकायला लागले.

"हाऊ कसाना रंग शे?" शेठ पाय ओढत म्हणाला.

"तुमनाच शे, शेठ. तुमना नुसता पाय भिजनात. आम्हीन तं रोज पितस."

साहेबानं परातीतलं पाणी बाटलीत भरून सील केलं. शेठ पुढे कित्येक दिवस भर उन्हात मोजे घालून हिंडत होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता मी भिकुबाईच्या ओट्यावर आहे. चक्कीला टाळं आहे, पण शेठ ते काढायच्या खटपटीत आहे, आणि विहीर अजून लालसरच आहे. लोक म्हणतात, बिचारीला भाजून मोकळी करा.

बिचारी म्हणू नका मला. माझ्या पोटात अजून रंग उरलाय, आणि तो मी शेठसाठीच राखून ठेवलाय. विहीर नितळ होईल त्या दिवशी खुशाल भट्टीत घाला. तोवर हात लावू नका, मला अशीच मळकी राहू द्या.