तिसऱ्या पायाचा खटका

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो. मला पाय तीन, पण चालता एकानेही येत नाही. नेतील तिथे जायचं, उभं करतील तिथे उभं राहायचं आणि अजिबात हलायचं नाही, एवढंच माझं काम. माझ्या जागी माणूस असता तर कंटाळून गेला असता. मला कंटाळा येत नाही. खरं सांगायचं तर गेलं वर्षभर मला फारसं काहीच वाटत नाही, आणि मी धातूचा आहे एवढंच काही त्याचं कारण नाही.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या कापल्या, एकात एक सरकवल्या, प्रत्येक पायाला खटके बसवले आणि मला एका दुकानाच्या काचेत उभं केलं. तिथून मला एका आईने घरी आणलं. बरोबर तिच्या दोन मुली होत्या. थोरलीला घरात ताई म्हणत आणि धाकटीला धाकटीच. दुकानदार माझे गुण सांगत सुटला होता. आईने त्याला मध्येच थांबवलं आणि माझ्या डोक्यावर तळहात ठेवून चांगलं दाबून पाहिलं. "उभं राहतं ना नीट? मग झालं," ती म्हणाली. ती मला तिवई म्हणायची, शेवटपर्यंत.

दोघी बहिणींचा मिळून एक ब्लॉग होता. ताई लिहायची, धाकटी फोटो काढायची. घड्याळ दुरुस्त करणारे, जुनी छापखान्याची यंत्रं, पुलाखालची दुकानं, असं कुणी मुद्दाम पाहत नाही ते त्या पाहत हिंडायच्या. मी धाकटीच्या खांद्यावर. माझे ते दिवस फार सुखाचे गेले. फोटोखाली लोक लिहायचे, 'किती स्थिर हात आहे!' हात कसला, मी होतो तो. पण कौतुक कॅमेऱ्याचं व्हायचं, हे आमच्या जातीला ठाऊकच असतं.

एकदा धाकटीने घाईघाईत मला जिन्यावरून आपटलं आणि माझ्या तिसऱ्या पायाचा खटका मोडला. पाय बाहेर काढला की सुर्रकन आत जायचा. ताई म्हणाली, नवा घेऊ. आईने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि सांध्यावर घट्ट गुंडाळली. तरी पाय थोडा सरकायचाच. मग तिनेच युक्ती शोधली. "एकीने बुडाशी पाऊल लावून धरायचं आणि दुसरीने पट्टी आवळून धरायची. नाहीतरी तुम्हाला एकेकटीला काय जमतं?" दोघी फणफणल्या. पण तेव्हापासून मला उभं करणं हे दोघींचं काम झालं.

मग आई आजारी पडली. ताई दवाखान्यात तिच्याजवळ होती. धाकटी परगावी एका कंपनीच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला गेली होती. आईचं जास्त झाल्याचं कळताच ती काम टाकून बसमध्ये बसली. त्याच संध्याकाळी आईला एकदम हुशारी आली. तिने चहा मागून घेतला, उद्या घरी जाऊ म्हणाली. ब्लॉगचे वाचक रोज चौकशी करत होते, म्हणून ताईने दवाखान्यातच बसून लिहिलं, 'आई आता बरी आहे.' सकाळी लोक वाचतात, तेव्हा ही पोस्ट आपोआप जाईल अशी वेळ लावली आणि तिला खुर्चीतच झोप लागली.

उजाडण्यापूर्वी आई गेली. ताईने धाकटीला फोन केला, पण बस डोंगरातून जात होती, फोन लागला नाही. पुढे डॉक्टर, सह्या, नातेवाईक, गाडी. या धावपळीत पोस्टची आठवण कुणाला राहणार? ठरल्या वेळी ती पोस्ट आपोआप गेली. वाटेतल्या थांब्यावर धाकटीने ती वाचली. तिच्या जिवात जीव आला. ती खाली उतरली आणि परतीच्या बसने कामावर परत गेली. काम करताना फोन बंद ठेवायची तिची सवय. ती घरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आईचं तोंडही तिला पाहायला मिळालं नाही.

भांडण झालं नाही, मित्रांनो. झालं असतं तर बरं झालं असतं. धाकटी एवढंच म्हणाली, "मला तू सांगितलंस, ती बरी आहे." आणि कॅमेरा घेऊन वेगळ्या खोलीवर राहायला गेली. मी ताईकडे कपाटामागे राहिलो. ताई कामावर जायची, यायची, कुणी विनोद केला तर हसायची. ब्लॉगवर मात्र तिने पुन्हा एक ओळ लिहिली नाही. माझ्या नळ्यांत धूळ शिरली. ताईच्या आत काय शिरलं होतं ते मला सांगता येत नाही, पण आम्ही दोघं साधारण सारखेच दिसत होतो.

वर्षाने एक सहल निघाली. ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींत एक पुस्तकवाले काका आहेत. पुस्तकांवर लिहितात आणि माणसांच्या भानगडींत नाक खुपसतात. त्यांनी सगळ्यांसाठी दिवसभराची कलासंग्रहालयाची सहल ठरवली. ताईला सांगितलं, गटाच्या फोटोसाठी ट्रायपॉड आणा. धाकटीला सांगितलं, कॅमेरा आणा. एकीला दुसरीचा पत्ता लागू दिला नाही. सकाळी छोट्या बसमध्ये दोघी समोरासमोर आल्या. ताई पुढच्या बाकावर बसली आणि धाकटी पार मागच्या. काका मधल्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहू लागले.

आता तुम्हाला वाटेल, मी संग्रहालयातल्या चित्रांचं वर्णन करीन. ते मला जमणार नाही. दारातच रखवालदाराने मला अडवलं. आत ट्रायपॉड न्यायला मनाई. ताईला पितळी बिल्ला मिळाला आणि मला सामानघरात छत्र्यांच्या शेजारी उभं केलं. आत काय झालं ते मी नंतर बसमध्ये ऐकलं. म्हणे, मंडळींनी आधी चित्राखालच्या पाटीचा फोटो काढायचा, लिहिताना नाव चुकायला नको म्हणून, मग चित्राचा, मग चित्रासमोर स्वतःचा, आणि लगेच पुढची खोली. खाण्यापिण्यावर लिहिणारा एकजण आहे, त्याला सगळे खवय्या म्हणतात. त्याने तर फळांच्या चित्रापुढे, फळं पिकलेली आहेत की नाहीत, यावर वाद घातला. ताई सगळ्या खोल्यांतून फिरली. कसं वाटलं असं कुणी विचारलं की "छान" म्हणायची.

दुपारी धाकटी सामानघरात आली. तिला पिशवीतली बॅटरी हवी होती. पिशवी काढता काढता तिची नजर माझ्यावर गेली. ती थोडा वेळ बघत राहिली. मग सामानघरातल्या बाईंना म्हणाली, "तो ट्रायपॉड आडवा ठेवाल का? उभा ठेवला की त्याचा तिसरा पाय सुटतो."

बाईंनी मला आडवं केलं. धाकटी गेली. तासाभराने ताई पाण्याची बाटली न्यायला आली.

"हा आडवा कुणी ठेवला?"

"त्या कॅमेरावाल्या मॅडमनी सांगितलं. पाय सुटतो म्हणाल्या."

ताईचा चेहरा होता तसाच राहिला. बाटली न घेताच ती परत गेली.

संध्याकाळी बाहेरच्या पायऱ्यांवर सगळे फोटोसाठी उभे राहिले. रखवालदार दार लावायच्या घाईत होता. ताईने माझे पाय उघडले. दोन उभे राहिले, तिसरा आत गेला. तिने पुन्हा ओढला, पुन्हा गेला. खवय्या मदतीला धावला. "चिकटपट्टी आहे का कुणाकडे?" म्हणत त्याने मला असं काही पिरगाळलं की मी फरशीवर आडवा झालो. सगळे हसले. ताईने मला उचललं आणि ती तशीच उभी राहिली. पुढे काय करायचं हे जणू ती विसरूनच गेली होती.

तेव्हा मागच्या ओळीतून धाकटी खाली उतरली. तिने कॅमेरा माझ्या डोक्यावर बसवला.

"पाऊल लाव," ती म्हणाली.

ताईने माझ्या बुडाशी पाऊल लावलं. धाकटीने खाली वाकून पट्टी आवळून धरली. मी उभा राहिलो.

"ती पोस्ट अजून आहे," धाकटी मान वर न करता म्हणाली.

"हो."

"काढली का नाहीस?"

"त्यात ती बरी आहे," ताई म्हणाली.

धाकटीची पकड सैल झाली. पाय थोडा सरकला. तिने पट्टी पुन्हा आवळली. "मी पण तेवढ्यासाठीच उघडते," ती म्हणाली.

दोघींना रडू आलं नाही. धाकटीने दुसऱ्या हाताने आपोआप फोटो काढायचं बटण दाबलं आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. "अहो, या ना पळत!" काका ओरडले. पण पळणार कशा? एकीने सोडलं असतं तरी मी पडलो असतो. धाकटीचा हात दुखू लागला, तेव्हा ताईने वाकून तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला. तेवढ्यात फोटो निघाला.

परतीच्या वाटेवर तो सगळ्यांनी पाहिला. "अरे, सगळे आहेत, मग या दोघी कुठायत?" खवय्या म्हणाला. काका पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या आणि मी दोघींच्या मांडीवर आडवा होतो.

मित्रांनो, आपल्या माणसाची बरीवाईट खबर जगाला कळवण्याआधी घरच्या माणसाला कळवा. फोन लागला नाही तर लागेपर्यंत करा. एवढं माझ्यासारख्या लोखंडी डोक्यालाही कळतं. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी एक विनंती करतात, आमची डागडुजी करा म्हणून. कालच ताई फोनवर विचारत होती, माझा खटका कुठे बदलून मिळेल का. माझी विनंती उलटी आहे. कुणी तिला दुकानाचा पत्ता देऊ नका.