मी मेल्याचं सोंग घेतलं

माझं नाव कोल्ह्या. मी कुत्रा आहे आणि तुमच्यापैकी कित्येकांनी मला पडद्यावर चोरी करताना पाहिलेलं आहे. सराफाच्या हातातली पिशवी हिसकावून जिन्यावरून धूम ठोकणारा, तांबूस अंगाचा, टोकदार तोंडाचा तो कुत्रा म्हणजे मीच. हे नावही त्या तोंडावरूनच पडलं. खरं सांगतो, मनानं मी कधीच चोर नव्हतो. शिकवलं ते करत होतो, एवढंच.

माझा जन्म करमाडजवळच्या एका गावात, मुंजाबा धनगराच्या मेंढवाड्यात झाला. डोळे उघडले तेव्हा आईपेक्षा कोकरंच जास्त दिसली. मुंजाबाची बायको बानाबाई मला कोकरांच्या बरोबरीनं शेळीचं दूध पाजायची. सहा महिन्यांत मी मेंढरं वळवायला लागलो. जालना रोड ओलांडताना शंभर मेंढरांतलं एकही मोटारीपुढं जाऊ दिलं नाही.

ते बघितलं श्रीधररावांनी. हे औरंगाबादच्या छावणीत राहायचे. पलटणीतली कुत्री शिकवण्यात त्यांची नोकरी झालेली. पेन्शनीत आल्यावर मुंबईचे सिनेमावाले त्यांच्याकडून कुत्री शिकवून घ्यायचे. असाच एक सिनेमा औरंगाबादला काढायचं चाललं होतं. दोन भामटे आणि त्यांचा हुशार कुत्रा, अशी गोष्ट. मुंबईहून आणलेलं पांढरं केसाळ कुत्रं मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्याच दिवशी आडवं झालं होतं.

मुंजाबाला मला द्यायचं नव्हतं. पण त्याच्या आदल्या वर्षी मेंढरांना खुरकूत झाली, तेव्हा श्रीधरराव आठ दिवस स्कूटरवरून येत होते आणि स्वतःच्या हातानं खुरांना औषध लावत होते. त्यांना नाही म्हणणं मुंजाबाच्या जिवावर आलं. चार महिन्यांनी आणून सोडतो, असं श्रीधररावांनी कबूल केलं. मला स्कूटरवर बसवलं तेव्हा बानाबाई पाठ फिरवून चुलीपुढं बसली.

छावणीतल्या त्या घराच्या अंगणात माझी शाळा भरली. श्रीधररावांनी मला कधी मारलं नाही. लांब शिट्टी वाजली की पळायचं. दोन तुटक शिट्ट्या वाजल्या की समोर कुणाकडं पिशवी असेल ती दातांत धरून ओढायची. आणि आडवा तळहात जमिनीकडं नेला की धाडकन पडायचं, पाय ताणायचे आणि हलायचं नाही. हे मेल्याचं सोंग मला फार जड गेलं. माशी नाकावर बसली तरी कान हलवायचा नाही, हे कुत्र्याला कसं जमावं? पण जमलं. पुढं ते इतकं जमलं की शूटिंगच्या वेळी एक बाई खरंच घाबरून माझ्या तोंडावर पाणी मारायला धावली.

चाराचे अकरा महिने झाले. एकापाठोपाठ तीन सिनेमे झाले. मला दिव्यांचा चटका माहीत झाला, बिस्किटं माहीत झाली. पण मेंढरांचा वास आला की छाती भरून यायची, आणि तो वास छावणीच्या बाजारात खाटकाच्या दुकानाशी यायचा. मग मी त्या दिवशी खायचो नाही.

पहिला सिनेमा करमाडला तंबूत लागला. अख्खा गाव बघायला गेला, मुंजाबा आणि बानाबाईसुद्धा. गावानं शिट्ट्या मारल्या, हसून हसून पोटं धरली. शेवटी पोलिसाची गोळी लागून मी पडतो, असं त्यात होतं. तिथं बानाबाई तंबूतून उठून बाहेर गेली. मुंजाबानं परोपरीनं सांगितलं, सिनेमात खोटं असतं. तिला पटेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ती शहरात आली, विचारत विचारत छावणीत पोचली आणि श्रीधररावांच्या दारात उभी राहून म्हणाली, "कोल्ह्या मेला म्हणत्यात. जित्ता आसंल तर दाखवा."

मी तिच्या अंगावर झेप घेतली. तिनं माझं पोट, बरगड्या, मान सगळं चाचपून पाहिलं. गोळीचं भोक कुठं आहे ते शोधत होती बिचारी. श्रीधरराव ओशाळले. त्यांनी अंगणात तळहाताची खूण करून तिला सगळं दाखवलं. तिनंही दोनदा खूण करून बघितली आणि दोन्ही वेळा मी पडलो. मग ती म्हणाली, आता हा घरी चालला. श्रीधररावांनी वाद घातला नाही.

गावात मी आता मोठी असामी होतो. कडुबा नावाच्या एका माणसानं तो सिनेमा चारदा पाहिला होता. त्याला दोन तुटक शिट्ट्या हुबेहूब जमायच्या. पारावर बसून तो शिट्टी वाजवायचा, मी जाणाऱ्या-येणाऱ्याची पिशवी ओढायचो, माणसं हसायची. मलाही मजा वाटायची. कडुबाचा मला राग नव्हता.

मग अठ्ठ्याहत्तर सालचा आषाढ सरत आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि माणसांचे चेहरे बदलले. पारावर हसणारी तीच माणसं दात आवळून बोलायला लागली. नावानं एवढं काय होतं, मला समजत नव्हतं. माझीच दोन नावं होती, सिनेमातलं आणि घरचं, आणि मी दोन्हींना ओ देत होतो.

गावाच्या कडेला बौद्धवाड्यात आशाबाई राहायची. एकटी बाई, नवरा वारलेला, मुलगी शहरात बोर्डिंगात राहून शिकत होती. आशाबाई नामांतराच्या सभेला शहरात जाऊन आली होती, आणि ते तिनं लपवलं नव्हतं. बानाबाईबरोबर ती वर्षानुवर्षं खुरपणीला जायची.

त्या दुपारी बौद्धवाड्यातून धूर उठला. माणसं ओढ्याच्या अंगानं पळाली. आशाबाई धापा टाकत आमच्या मेंढवाड्यात आली, छातीशी एक कापडी पिशवी धरून. तिच्यात मुलीचे शाळेचे दाखले होते आणि बाबासाहेबांचा फोटो होता. बानाबाईनं तिला आत मेंढरांच्या मागं, कडब्याच्या आडोशाला बसवलं. मुंजाबाकडं तिनं एकदाच पाहिलं. त्यानं मान डोलावली.

थोड्याच वेळात दहा-बारा जण आले. पुढं कडुबा. त्यांनी विचारलं, आशाबाई इकडं आली का. मुंजाबा म्हणाला, इथं मेंढरंच आहेत. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, ते मलाही कळलं. कडुबालाही कळलं असावं. तो म्हणाला, "तिच्याकडं पिशवी हाय. आपुन कशाला शोधायचं? कुत्रं काढील भाईर."

आणि त्यानं शिट्टी वाजवली. दोनदा, तुटक.

माझं अंग उठलं. मी उठवलं नाही, ते आपसूक उठलं. पिशवी कुठं आहे ते मला नाकानं ठाऊक होतं. दोन उड्यांत मी तिच्यापाशी पोचलो असतो. तेवढ्यात वाड्याच्या तोंडाशी उभ्या बानाबाईचा हात दिसला. पदराच्या आडून तिनं तळहात जमिनीकडं नेला होता.

मी पडलो.

कडुबानं पुन्हा शिट्टी वाजवली. मग पुन्हा. शिट्टी ऐकून पडून राहणं काय असतं ते तुम्हाला कसं सांगू. पायातली एकेक शीर ओढत होती. शेवटी तो जवळ आला, हातातली काठी त्यानं माझ्या कमरेवर घातली. आत काहीतरी मोडल्याचं मी ऐकलं. सिनेमातली बंदूक रिकामी असायची. मी हललो नाही, केकाटलो नाही. दुसऱ्यांदा काठी बसली तेव्हा मुंजाबा मधे आला आणि म्हणाला, "मेलं ते. आता त्याला मारून काय करता?"

कुणीतरी म्हणालं, चला. ते गेले.

दिवस मावळायच्या आत मुंजाबानं आशाबाईला शेतातून जालना रोडवर नेऊन गाडीत बसवलं. निघताना ती माझ्यापाशी वाकली. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

महिन्याभरानं श्रीधरराव चौथ्या सिनेमाचं बोलायला आले. त्यांनी माझी कंबर चाचपली आणि तिथंच जमिनीवर बसले. बानाबाईनं झालेलं सांगितलं. श्रीधरराव म्हणाले, "माझी खूण तुमच्यापेक्षा स्वच्छ होती. तरी मी सांगितलं असतं, तर एवढा मार खाऊन तो पडून राहिला असता का, मला सांगता येत नाही."

आशाबाई कुठं दडली होती ते पुढं गावाला कळलं. मुंजाबाच्या मेंढरांना विहिरीवर येऊ देईनात, रानात चरू देईनात. मेंढरं विकावी लागली. चिकलठाण्यात कारखाने उभे राहत होते, तिथं त्याला फाटकावर वॉचमनची नोकरी मिळाली. खाकी कपड्यांत तो पहिले काही दिवस मला ओळखू यायचा नाही. आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायला आलो. आशाबाईही शहरातच एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. तिची मुलगी आता शिक्षिका झाली आहे.

ठराव झाला, पण नाव काही अजून लागलेलं नाही. आशाबाई दर मोर्च्याला जाते. या खेपेला सत्याग्रहात पकडली आणि पंधरा दिवस हर्सूलच्या जेलात होती. आज सकाळी सुटली. बानाबाई न्यायला निघाली तेव्हा मी उठायची धडपड केली. मला बारावं वर्ष लागलंय, डोळ्यांवर सारा येऊन अंधुक दिसतंय. मुंजाबानं सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधलं आणि मला त्यात बसवलं.

आशाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "आता माझ्या घरी जेवूनच जायचं." बानाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या एका बांधावर जेवल्या, पण आपापलं भाकरीचं फडकं सोडून. एकमेकींच्या चुलीपाशी कधी बसल्या नव्हत्या. मुंजाबा म्हणाला, ड्युटी दुपारच्या पुढं आहे. म्हणजे चला.

तर आता मी आशाबाईच्या उंबऱ्यात पडलोय. आत मुंजाबा पाटावर बसलाय. एक भाकरी थापते, दुसरी भाजते, आणि पीठ जास्त मळलं म्हणून दोघी एकमेकींना बोलतायत. मला उठवू नका. आत जायचं असेल तर कडेनं जागा आहे. फक्त जरा जपून ओलांडा, कंबर अजून दुखते.