माफीनाम्याच्या पाच प्रती

चैताली ओव्हाळची खराडीतली नोकरी गेली. त्या ऑफिसात ती अजून रुजूही झाली नव्हती, तरी गेली. पण ते राहू द्या. असं काही झालेलंच नाही, असं धरून चालू. आज अजून बावीस तारीख आहे, जॉइनिंग एक तारखेला आहे, आणि कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावर राधाबाई लेकीसाठी आणलेल्या नव्या डब्यावरचं स्टिकर नखानं खरवडताहेत. सगळं छान आहे. फक्त पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र यायचं राहिलंय.

ते अडलं होतं एका पोस्टवर.

महिन्यापूर्वी चैताली मुलाखतीला निघाली होती. चौकातला सिग्नल बंद, चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर, आणि ट्रॅफिक हवालदार कडेला फ्लेक्सच्या सावलीत फोन कानाला लावून उभा. पंचवीस मिनिटं स्कूटर जागची हलली नाही. चैतालीनं फोटो काढला, इन्स्टावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘या चौकात दोन खांब आहेत. त्यातल्या एकाकडे शिट्टी आहे.’ एकेचाळीस लाइक्स आले, त्यातले बरेचसे आतेभावंडांचे. मग तीनेक आठवड्यांनी कुठल्याशा पेजनं ती पोस्ट उचलली आणि आकडा अकरा हजारांवर गेला. दोन दिवस चैताली घरात विनोदी लेखिका म्हणून वावरली. तिसऱ्या दिवशी चौकीतून फोन आला.

चौकीत फौजदार पूर्णिमा मॅडम होत्या. बाकावर तोच हवालदार, दशरथ, टोपी मांडीवर घेऊन बसला होता. चैतालीबरोबर तिचे वडील आले होते. भीमराव ओव्हाळ एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा. आपल्या हातून एकही कागद हरवला नाही, हे ते अजून लग्नकार्यात सांगतात.

“हे तू लिहिलंस?” मॅडमनी मोबाइल पुढे केला.

“हो,” चैताली म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

“मॅडम, अनुच्छेद एकोणीस, एक, क,” भीमराव म्हणाले. “अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य.”

“आणि काका, एकोणीस, दोन?”

“वाजवी निर्बंध. पाठ आहे.”

“मग माझं अर्धं काम झालं. हे बघा, गुन्हा वगैरे काही नाहीये. पण या दशरथचा अर्ज आलाय, म्हणजे चौकशी आहे. ती संपेपर्यंत प्रमाणपत्रावर मी सही कशी करू?”

“गुन्हाच नाही, तर चौकशी कसली?”

“गुन्हा नाही, याचीच.”

भीमरावांना हे उत्तर आवडलं. त्यांच्या कचेरीत असंच बोलत.

दशरथ इतका वेळ टोपीकडे बघत होता. “ताई, मला खांब म्हणालात त्याचं काही नाही. घरी बायको याहून वाईट म्हणते. पण मी फोनवर कुणाशी होतो, ठाऊक आहे? सिग्नल दुरुस्त करणाऱ्यांशी. चाळीस मिनिटं होल्डवर. बासरी वाजत होती नुसती.” त्यानं टोपी उलटी केली. “पोरीला आता क्लासमध्ये खांबाची पोरगी म्हणतात. दोन दिवस झाले, जात नाही ती.”

अकरा हजारांत ही एक पोरगी तिनं धरलीच नव्हती. “सॉरी, दादा,” ती म्हणाली, आणि हे तिला मनापासून म्हणायचं होतं.

“मिटलं मग. एवढंच लिहून द्या, मी अर्ज मागे घेतो.”

“दोन ओळी,” मॅडम म्हणाल्या. “फक्त दोन.”

दोन ओळी कुणीही लिहिल्या असत्या. पण घरी आल्यावर कागद भीमरावांनी ओढून घेतला.

“पप्पा, मी लिहिते ना.”

“तू लिहिलंस की काय होतं, ते बघितलं.”

त्यांनी समास आखला. विषय टाकला, ‘पोलीस कर्मचाऱ्यास खांब संबोधल्याबाबत’. मग संदर्भ. संदर्भात मूळ वाक्य शिट्टीसकट उतरवलं, कारण वाचणाऱ्याला माफी कशाची ते कळायला हवं. मग घटनाक्रम: सदर कर्मचारी कर्तव्यावर असताना चाळीस मिनिटे दूरध्वनीवर होते, तथापि तो शासकीय कामाचा होता असे त्यांचे म्हणणे आहे.

“अहो, दोन ओळी सांगितल्यात, तर दोनच लिहा की,” राधाबाई आतून म्हणाल्या.

“दोन ओळींच्या कागदाला कुणी नंबर देत नाही, राधा.”

आणि शेवटी, जुन्या सवयीनं, हात आपोआप डाव्या कोपऱ्यात गेला. ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’. खाली पाच नावं: वाहतुकीचे साहेब, त्यांच्या वरचे साहेब, त्यांच्याही वरचे, तक्रारींचा कक्ष, आणि चौकातले खांब ज्या खात्याचे आहेत ते खातं. चैतालीला वर ‘दिलगीर’ हा शब्द दिसला, तेवढ्यावर तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी मूळ कागद चौकीत देऊन भीमराव रिक्षानं पाचही ठिकाणी जाऊन आले. जेवताना त्यांनी पाच शिक्क्यांच्या पोचपावत्या ताटाशेजारी पत्त्यांसारख्या मांडल्या. निवृत्तीनंतर ते इतके खुशीत कधी नव्हते.

सव्वीस तारखेला मॅडमचा फोन आला. “काका, हे काय केलंत? दशरथनं अर्ज मागे घेतला, मी सहीला बसले, तर वरून चार कागद. प्रत्येकावर ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’.”

“अहो, पण ती माफी आहे!”

“माफी एकाच प्रतीत असते, काका. पाच प्रती असल्या की प्रकरण असतं.”

पाचवं उत्तर आलं ते खांबांच्या खात्याचं. ‘आमच्या अभिलेखानुसार सदर चौकात एकच खांब आहे. दुसऱ्या खांबाची मालकी आपल्या स्तरावर निश्चित करून कळवावी.’ ते पत्र मॅडमना दशरथला वाचून दाखवावं लागलं, कारण त्यावर त्याचा जबाब हवा होता.

तीस तारखेला दशरथनं चैतालीला फोन केला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“ताई, पोस्टनं माझं फार बिघडलं नव्हतं. माफीनं बिघडलं. ड्युटीवर चाळीस मिनिटं फोनवर होतो, हे तुम्ही सहीनिशी वर कळवलंत. नोटीस आलीय मला. होल्डवर होतो याचा पुरावा मागतायत. बासरीचा पुरावा कुठनं आणू?”

चैतालीला यावर एक वाक्य सुचलं. चांगलं होतं. तिनं घाबरून फोन ठेवला.

एक तारखेला कंपनीच्या एचआरचा मेसेज आला: ‘नो इश्यूज, पोझिशन क्लोज करतोय, ऑल द बेस्ट.’ राधाबाईंनी नवा डबा माळ्यावर टाकला. भीमराव पावत्या घेऊन बाल्कनीत जाऊन बसले आणि रात्रीपर्यंत आत आले नाहीत.

तेव्हापासून चैताली बोलायची थांबली, म्हणजे जवळजवळच. फॅमिली ग्रुपवर कुणाच्या वाढदिवसाला ती अंगठाही दाखवत नाही, अंगठ्याचा अर्थ कोण काय लावेल सांगता येत नाही. परवा भाजीवालीनं विचारलं, कोथिंबीर कशीय? तर म्हणाली, “आहे.”

काल ती कोरा कागद घेऊन बसली. भीमराव दारात आले. “सांगशील तेवढंच लिहितो,” ते म्हणाले. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि समास स्वतःच आखला.

‘प्रति, मा. फौजदार. विषय: बोलण्याबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, माझ्या माफीच्या पाच प्रतींची चौकशी पूर्ण होईपर्यंत मला काय काय म्हणता येईल, याची यादी सही-शिक्क्यानिशी मिळावी. यादीत ‘पाणी’, ‘पुढच्या स्टॉपला’ आणि ‘दुखतंय’ हे शब्द असल्यास सोयीचे होईल. श्री. दशरथ यांना विचारण्याचा एक प्रश्न, त्यांची मुलगी क्लासला जाऊ लागली का, हा यादीत घेतल्यास आभारी राहीन. प्रस्तुत अर्ज अवमानकारक वाटल्यास तो न वाचता मंजूर करण्यात यावा, ही विनंती.’