गॅलरीतून दिसणारा रस्ता

फौजेतून निवृत्त होऊन फ्लॅट विकायला लागलो, पण अजून एकही विकला गेला नाही. आज मालकाने निर्वाणीचं सांगितलं, "हे गिऱ्हाईक गेलं तर उद्यापासून येऊ नका. जरा घराचं कौतुक करा!" कौतुक करायला बराकीत शिकवतात, कपाळ!

तरी जीव तोडून बोललो. बाळाला कडेवर घेतलेल्या ताईंना आणि त्यांच्या नवऱ्याला गॅलरीत नेलं. "इथून अख्खा रस्ता दिसतो. जिना एकच, वर येणारा तुमच्या नजरेतून सुटणार नाही. रात्री या भिंतीला पाठ लावून बसलात की मागून धोका नाही."

ताईंनी बाळाला घट्ट धरलं. "पण दादा, येणार कोण आहे?"

ते खाली उतरले तसा मी त्या भिंतीला पाठ लावून बसलो. जाताना ते वळणापर्यंत स्पष्ट दिसत होते.