खंडेनवमीला पूजलेला स्विच

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तारे नेमके कुठं आहेत, हे अजून कुणाला सापडलेलं नाही. गुरुसिद्ध अण्णांच्या कास्टिंगच्या कारखान्यात मात्र त्या वर्षी नवा नेटवर्क स्विच आला आणि त्याच्यावर हिरवे दिवे भरपूर होते.

स्विच म्हणजे एक चपटी पेटी. कारखान्यातल्या सगळ्या संगणकांच्या तारा तिच्यात येतात आणि कुणी कुणाशी बोलायचं हे ती ठरवते. तिला हे शिकवणारी फाईल कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या प्रसेनजीतनं लॅपटॉपवर तयार केली, तारेतून पेटीत उतरवली, आणि भट्टीपासून गेटपर्यंतचे संगणक भाऊबंदकी विसरून एकमेकांशी बोलायला लागले. राहिला होता शेवटचा हुकूम: हे कायमचं लक्षात ठेव. तो दिला नाही तर पेटी वीज असेपर्यंतच शहाणी. प्रसेनजीत म्हणाला, जरा चालू दे, मग देऊ. खाली बॅटरी होती. बंद कोण करणार?

त्या दिवशी खंडेनवमी होती.

आणि दुपारच्या गाडीनं त्याला आईला, तानाबाईला, नागपूरला न्यायचं होतं. दसऱ्याला दीक्षेची पन्नास वर्षं पुरी होणार होती. तानाबाईच्या वडिलांनी दीक्षाभूमीच्या त्या गर्दीत दीक्षा घेतली होती आणि देवपूजा सोडली होती. तिनं स्वतः नागपूर पाहिलंच नव्हतं. ती सकाळीच पिशव्या घेऊन स्टेशनवर जाऊन बसली होती.

अण्णांच्या आई अक्काताई पूजेचं तबक घेऊन कारखानाभर फिरत होत्या. लेथ बंद, क्रेन बंद, काँप्रेसर बंद. यंत्राला वर्षातून एक दिवस विश्रांती, हा त्यांचा कायदा. मागं इलेक्ट्रिशियन पिराजी. दोघं संगणकांच्या खोलीत शिरले.

"ह्ये काय लुकलुकतंय?"

"यंत्र हाय, आक्का."

"यंत्र हाय, मग जागं कसं?"

पिराजीनं वीज काढली. दिवे तरी जळतच होते, म्हणून बॅटरीही काढली. अक्काताईंनी पेटीला विभूतीचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडू वाहिला.

प्रसेनजीत चहा घेऊन आला तेव्हा पेटी काळीठिक्कर होती आणि तिच्या कपाळावर विभूती होती. त्याच्या हातातला कप तिरका झाला आणि चहा बुटात गेला. ते त्याला कळलंच नाही.

आरतीनंतर वीज आली. दिवे लागले, पण पेटी सगळं विसरली होती. भट्टी स्टोअरला ओळखेना, स्टोअर गेटला ओळखेना. मालानं भरलेला ट्रक गेटपासच्या कागदासाठी उभा. अण्णा छापखान्यासारखा खडखडणारा माणूस. त्यांनी पेटीवर दोनदा टकटक करून बघितलं.

"फूल वाहिलं आन् मेलं?" ते म्हणाले.

"मेलं न्हाय, अण्णा. कोरं झालंय. फाईल परत घालतो."

"मग घाल की."

"फाईल लॅपटॉपात हाय."

"लॅपटॉप कुठाय?"

पिराजीनं भीत भीत बोट दाखवलं. ज्याचं त्याचं हत्यार पूजेला लावायचं म्हणून त्यानं आपुलकीनं लॅपटॉपही पूजेच्या पाटावर मांडला होता. पान्हे आणि व्हर्नियरच्या मधोमध, वर नारळ.

"न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "पूजेला लावलेलं उद्या शिलंगणापातुर हलवायचं न्हाय."

"अव्वा, ट्रक..." अण्णा म्हणाले.

"ट्रक थांबंल."

"आक्का, गाडी थांबणार न्हाय," प्रसेनजीत म्हणाला. "आई स्टेशनवर बसलीया. नागपूरला जायचंय. उद्या पन्नास वर्षं होतात."

अक्काताईंनी तबक खाली ठेवलं.

"ह्ये सकाळीच बोलायला तोंडात काय होतं?" मग पिराजीला: "हत्यार हलवायचं न्हाय म्हटलं मी. पेटी हिकडं आणायला कुणी न्हाय म्हटलंय?"

पेटी पाटाशेजारी आली. अडचण नारळाची होती, कारण त्याच्याखाली लॅपटॉपचं झाकण. अक्काताईंनी तो दोन्ही हातांनी उचलला.

"हातात हाय तवर पूजा मोडली न्हाय. चालू दे तुजं."

प्रसेनजीत मांडी घालून बसला. कळांवर कुंकू सांडलं होतं. फाईल तारेतून जाऊ लागली. सगळा कारखाना नारळाकडं बघत होता.

"झाली. आता शेवटचा हुकूम." त्यानं तो दिला. दोनदा दिला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पेटी जागेवर न्यायची तर परत बंद करावी लागणार. अण्णांचा चेहरा विभूतीच्या रंगाचा झाला. पिराजीनं डोळे मिटून प्लग काढला, पेटी जागेवर नेली, प्लग लावला. दिवे आले. आणि गेटवरच्या छपाईयंत्रानं खरखर करत ट्रकचा पास बाहेर टाकला.

अण्णांनी आपल्याच जीपमधून त्याला पाठवलं. गाडी हलत असताना तो डब्याच्या दाराशी पोचला. तानाबाईनं हात धरून वर ओढलं, आणि मग तो हात बघितला. बोटं कुंकवानं लालभडक.

"कुठं निघालोय आपण?"

"नागपूरला."

"आन् ह्ये?"

"कीबोर्डावर होतं, आई."

तानाबाईनं आधी त्याच्याकडं, मग बोटांकडं, मग परत त्याच्याकडं बघितलं. तिला पुष्कळ विचारायचं होतं, पण नागपूर लांब होतं.

"नळ तिकडल्या टोकाला हाय," ती म्हणाली. "आन् बूट का वाजतोय तुजा?"