ओनोफ्रे ऐकतोय

लोताची समुद्राखालची कोळशाची खाण बंद झाली आणि सरकारने आमच्या पुरुषांना नवे धंदे शिकवायला काढले. कुणाला सुतारकाम, कुणाला वायरिंग. माझ्या नवऱ्याच्या, ओनोफ्रेच्या वाट्याला केस कापणं आलं. चाळीत हशा पिकला. समुद्राच्या तळाखाली जन्म घालवलेला माणूस आता बायकांच्या बटा कापणार!

सगळ्यांत मोठ्याने हसला तो शेजारचा बाल्दोमेरो, ओनोफ्रेच्याच टोळीतला. मी चाळीच्या सामायिक भट्टीत पाव लावत होते, तिथे येऊन म्हणाला, "वहिनी, त्याला सांगा, माझ्या मिशीला जरा फुलं माळून दे."

"आधी धुऊन ये ती. अजून कोळसा गळतोय."

तोंडाने मी अशी, पण डोक्यात परीक्षेचाच घोर होता. शिकवणाऱ्या बाईंची अट होती: परीक्षेला वस्तीतलं एक तरी गिऱ्हाईक बसवायचं, घरचं माणूस चालणार नाही. तरच दुकानाचा गाळा. नाहीतर लोता सोडून सान्तियागोला, मुलीच्या स्वयंपाकघरात पथारी.

खाणीत ओनोफ्रे टोळीच्या पुढे चालायचा. पहारीने छत ठोकायचा आणि कान द्यायचा. आवाज पोकळ आला की सगळे मागे. तो "पक्कं आहे" म्हणेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही, तोंडही उघडायचं नाही. त्या माणसाची बोटं आता कात्रीच्या कड्यांत मावत नव्हती. फोड आले, तरी कात्री खाली ठेवली नाही. सराव करून करून त्याने माझ्या फरशी पुसायच्या दोऱ्यांच्या कुंच्याला टक्कल पाडलं. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की डोळे भरून यायचे, आणि मग मी उगाच त्याच्यावरच खेकसायचे.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी भट्टीसमोरच खुर्ची मांडली. बघायला सगळी चाळ लोटली, बसायला कुणी नाही. ओनोफ्रे कात्री धरून उभा. बाई कागद आवरायला लागल्या.

"थांबा हो बाई," बाल्दोमेरो गर्दीतून पुढे आला आणि धपकन खुर्चीत बसला. "मिशीला हात लावलास तर याद राख."

ओनोफ्रेने फडकं बांधलं. आणि मग, सवयच ती, कंगव्याची पाठ त्याच्या टाळूवर हलकेच ठोकली आणि कान खाली नेला.

हसण्याचा गदारोळ उठला. "पोकळ आहे का रे?" कुणीतरी ओरडलं. ओनोफ्रेचा चेहरा लालबुंद झाला.

"ए, गप्प बसा!" बाल्दोमेरो मान न हलवता गरजला. "ओनोफ्रे ऐकतोय."

जुने खाणकामगार तिथल्या तिथे गप्प झाले. त्यांचं बघून बायका, पोरं, सगळेच. भट्टीतली लाकडं तेवढी तडतडत होती. बाल्दोमेरोने डोळे मिटून घेतले.

ओनोफ्रेने आणखी एकदा ठोकलं.

"पक्कं आहे," तो म्हणाला आणि त्याने कात्री चालवली.