मोहाखालची जागा

तान्हं लेकरू गेलं की त्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड रचतात. आनंदाबाईची पहिली मुलगी दात यायच्या आधीच गेली. तिला गावामागच्या एका मोहाच्या झाडाखाली ठेवलं होतं. पुढं अभयारण्यातून ते गावच उठलं आणि माणसं अल्लीपूरकडे येऊन बसली. उठताना भरपाईसाठी घरं मोजली, झाडं मोजली. पुरलेल्या लेकराचं कोणी विचारलं नाही, आणि आनंदाबाईनंही तोंड उघडलं नाही.

अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांना पाणी देतात. तान्ह्याचा त्यात वाटा नसतो. पण यंदा तिचे गुडघे पार बसले, तेव्हा ती रजतला, आपल्या मुलाला म्हणाली, एकदा त्या झाडाच्या बुडाशी तांब्याभर पाणी टाकू दे, मग कुठं ने म्हणणार नाही.

आता त्या जंगलात पायी जाता येत नाही. रजतनं सफारीची उघडी जीप ठरवली. हिंगणीच्या पुढं फाटकातून आत शिरले, तर सारं रान वाळलेलं. सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते, नाल्यात नुसती वाळू तापत होती. गाईड निकेश हौशी माणूस. टेकडीवरच्या जुन्या चौकीचे दगड, वाघानं नखं घासलेलं खोड, सगळं दाखवत होता. आनंदाबाई मांडीतला तांब्या सांडू नये म्हणून तेवढ्याकडेच बघत होती.

"माय, आलं तुमचं गाव," निकेश म्हणाला.

गाव नव्हतं. हरणांसाठी राखलेलं पिवळं गवत होतं. विहीर बुजवलेली. बायकांना गाव पायांनी ठाऊक असतं. विहिरीवरून निघायचं, मारुतीला उजवं घालायचं, की तो मोह. जीपचा रस्ता मात्र भलत्याच अंगानं आला होता, आणि कडेला मोहाची बरीच झाडं, सगळी सारखीच. खुणेचे दगडही नव्हते. उठताना जो तो नव्या घराच्या पायासाठी दगड नेत होता. तिचा नवरा रूपराव ट्रॅक्टर भरून घेऊन आला होता. कुठले कुठून उचलले, हे तिनं कधी विचारलं नाही.

रजतनं आईला जरा उतरू द्या म्हणून विनवलं. निकेशनं मान हलवली.

"उतरवलं तं माही नोकरी जाते, दादा. इथूनच टाका ना, माय. कोणत्याबी झाडाले."

"लेकराले पाणी अंदाजानं देत नाईत, बापू," ती म्हणाली. "चालली असती तं पायाले सापडलं असतं. डोयाले नाई सापडत."

तेवढ्यात पुढच्या जीपवाल्यानं हात केला आणि ड्रायव्हरनं गाडी हाणली. टँकरनं भरलेल्या पाणवठ्यात वाघ बसला होता. लोक फोटो काढत होते. माय, दिसला का, म्हणून रजतनं हळूच विचारलं. ती हो म्हणाली.

फाटकाबाहेर तिनं भरला तांब्या त्याच्या हातात दिला.

"आता मले आणू नोको," ती म्हणाली.